वेब सर्व्हर आणि ॲप्लिकेशन यांचा सांधा : वाचकांचे प्रश्न

आपले ॲप्लिकेशन वेब सर्व्हरच्या मागे जोडताना येणाऱ्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांतील बहुतेक तक्रारी निरनिराळ्या भाषांच्या आणि निरनिराळ्या फ्रेमवर्कच्या दिसतात. पण बारकाईने पाहिले तर बिघाड त्या भाषेत किंवा फ्रेमवर्कमध्ये नसून दोन प्रोग्रॅम जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यात असतो. म्हणून या वेळी त्याच सांध्याविषयीची पत्रे निवडली आहेत. कॉन्फिगरेशनमधील शब्द येथे देवनागरीत छापले आहेत. फाइलमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत लिहावेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी मी फ्लास्क या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये एक छोटे ॲप्लिकेशन तयार केले असून ते माझ्या लॅपटॉपवर ५००० क्रमांकाच्या पोर्टवर उत्तम चालते. आमचे सर म्हणतात की प्रत्यक्ष वापरासाठी त्याच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि मध्ये गनिकॉर्न हा पायथन ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर ठेवावा लागेल. जे काम एक प्रोग्रॅम करतो आहे, त्यासाठी तीन कशाला? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपण सध्या वापरत आहात तो फ्लास्कबरोबर येणारा, केवळ विकसनासाठी असलेला सर्व्हर आहे. तो सुरू होताना टर्मिनलवर स्वतःच इशारा छापतो की प्रत्यक्ष वापरासाठी त्याच्यावर विसंबू नये. सरांचा सल्ला योग्य आहे, परंतु त्यामागचे कारण समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

वेब सर्व्हरचे मूळ काम डिस्कवरची फाइल उचलून ब्राउझरला देणे एवढेच होते. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात सीजीआय (कॉमन गेटवे इंटरफेस) हा संकेत आकाराला आला आणि सर्व्हरला फाइल देण्याऐवजी एखादा प्रोग्रॅम चालवून त्याचे उत्तर देता येऊ लागले. संकेत अगदी साधा होता : प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हरने प्रोग्रॅम नव्याने सुरू करावा, विनंतीचा तपशील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आणि फॉर्मचा मजकूर स्टँडर्ड इनपुटमधून द्यावा, आणि प्रोग्रॅम स्टँडर्ड आउटपुटवर जे लिहील ते ब्राउझरकडे पाठवावे. या साधेपणामुळे प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहिता येई. मात्र प्रत्येक क्लिकमागे नवी प्रोसेस, इंटरप्रिटर नव्याने मेमरीत येणे आणि डेटाबेसची नवी जोडणी एवढा खर्च पडे. गर्दी वाढली तसा हा खर्च असह्य झाला.

त्यावर दोन वाटा निघाल्या. पहिली वाट अशी, की इंटरप्रिटर वेब सर्व्हरच्याच पोटात बसवायचा. अपाची या वेब सर्व्हरमधील मॉड-पर्ल आणि मॉड-पीएचपी ही त्याची उदाहरणे. दुसरी वाट अशी, की ॲप्लिकेशनची प्रोसेस वेगळीच, पण कायम जागी ठेवायची आणि सर्व्हरने तिच्याशी सॉकेटवरून बोलायचे. १९९६ मधील फास्टसीजीआय हा याच विचाराचा प्रोटोकॉल. आज बहुतेक मांडण्या दुसऱ्या वाटेने जातात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण ॲप्लिकेशन कोसळले तरी वेब सर्व्हर उभा राहतो आणि दोघांना स्वतंत्रपणे बंद-सुरू करता येते.

आता आपल्या मांडणीत सांधे किती, ते पाहा. एनजिनएक्स आणि गनिकॉर्न यांच्यामध्ये एक सांधा आहे, आणि तिथे एचटीटीपीच बोलले जाते. गनिकॉर्न आणि आपला फ्लास्कचा कोड यांच्यामध्ये दुसरा सांधा आहे, आणि तिथला करार डब्ल्यूएसजीआय हा आहे. हा करार पायथनच्या जगात २००३ मध्ये पेप ३३३ या प्रस्तावाने आला आणि पायथन ३ साठी पेप ३३३३ ने सुधारला गेला. त्याप्रमाणे ॲप्लिकेशन म्हणजे एक फंक्शन; त्याला विनंतीची माहिती असलेली डिक्शनरी आणि प्रतिसाद सुरू करण्यासाठीचे दुसरे फंक्शन मिळते, आणि त्याने बाइट्सची मालिका परत करायची असते. या करारामुळेच आपण उद्या गनिकॉर्नच्या जागी यूडब्ल्यूएसजीआय हा तसाच दुसरा सर्व्हर ठेवलात तरी आपल्या कोडची एक ओळही बदलावी लागणार नाही. पीएचपीमध्ये एनजिनएक्स आणि पीएचपी कोड चालवणारा पीएचपी-एफपीएम यांच्यात फास्टसीजीआय असते, तर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये एचटीटीपी सर्व्हर आपल्या प्रोग्रॅमच्या आतच असल्यामुळे दुसरा सांधा नसतोच.

राहिला प्रश्न एनजिनएक्सचा. गनिकॉर्नचा साधा वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणारी त्याची प्रोसेस, एका वेळी एकच विनंती हाताळतो. एखादा विद्यार्थी कमकुवत मोबाइल नेटवर्कवरून मोठा फॉर्म पाठवत असेल, तर तो पूर्ण येईपर्यंत तो वर्कर अडकून पडेल, आणि असे मोजके विद्यार्थी एकत्र आले की ग्रंथालयाची साइट सर्वांसाठी ठप्प होईल. इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये लिहायला घेतलेला आणि २००४ मध्ये जाहीर केलेला एनजिनएक्स नेमका हजारो संथ जोडण्या एकाच वेळी सांभाळण्यासाठी घडवलेला आहे. तो संपूर्ण विनंती आधी स्वतःकडे गोळा करतो, मगच ती मागे देतो. मागून आलेले उत्तरही चटकन स्वीकारून वर्करला मोकळे करतो आणि ते ग्राहकाच्या गतीने पुढे पोहोचवतो. एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र, चित्रे, स्टाइलशीट आणि १०२४ पेक्षा खालच्या क्रमांकाच्या पोर्टसाठी लागणारे विशेष अधिकार ही कामेही तोच सांभाळतो. त्यामुळे आपल्या पायथन कोडला रूटचे अधिकार देण्याची वेळच येत नाही.

प्रश्न : आम्ही सर्व काही शिकवणीच्या व्हिडिओप्रमाणे केले, तरी ब्राउझरमध्ये ‘५०२ बॅड गेटवे’ दिसते. एनजिनएक्स पुन्हा बसवला, सर्व्हर रीस्टार्ट केला, तरी फरक पडला नाही. कुठून सुरुवात करावी? — एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतील कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एनजिनएक्स पुन्हा बसवण्याची गरज नव्हती, कारण ५०२ हा आकडा ब्राउझरपर्यंत पोहोचला याचाच अर्थ एनजिनएक्स जिवंत आहे. तो एवढेच सांगतो आहे की मागे ज्याच्याकडे विनंती द्यायची होती, त्याच्याकडून धड उत्तर मिळाले नाही. या बिघाडाचे कारण ब्राउझरच्या पानावर कधीच नसते. ते एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये, सामान्यतः ‘/व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग’ येथे असते. तिथल्या ओळीत कंसात एक क्रमांक दिसतो. तो लिनक्सचा त्रुटी क्रमांक असून जवळजवळ सगळे निदान त्यातच दडलेले असते.

क्रमांक १११, म्हणजे जोडणी नाकारली गेली, असा असेल तर त्या पत्त्यावर आणि पोर्टवर कोणीही ऐकत नाही. ॲप्लिकेशन सुरूच झालेले नसेल, किंवा सुरू होताच कोसळले असेल, किंवा दुसऱ्याच पोर्टवर असेल. ‘एसएस -एलटीएनपी’ ही आज्ञा कोणती प्रोसेस कुठे ऐकते आहे ते दाखवते, आणि सर्व्हरवर लॉगइन करून ‘कर्ल’ने थेट १२७.०.०.१:८००० ला विनंती केली की एनजिनएक्सला बाजूला ठेवून मागची बाजू तपासता येते. येथे दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. ‘लोकलहोस्ट’ या नावाचा अर्थ अनेक मशीनवर आयपीव्ही६ चा पत्ताही होतो, आणि ॲप्लिकेशन फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर काही जोडण्या नाकारल्या जातात; म्हणून नावाऐवजी आकड्यांचा पत्ता लिहावा. आणि ॲप्लिकेशन कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे डॉकर वापरत असाल तर कंटेनरच्या आतून १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः, शेजारचा नव्हे; अशा वेळी ॲप्लिकेशनने कंटेनरमध्ये ०.०.०.० वर ऐकावे आणि एनजिनएक्सने त्याला सेवेच्या नावाने हाक मारावी.

क्रमांक २ असेल तर युनिक्स सॉकेटची फाइल सांगितलेल्या जागी नाही. ती ‘/टीएमपी’मध्ये ठेवली असेल तर बहुधा तेच कारण आहे, कारण सिस्टीमडी (लिनक्सवरील सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) अनेक सेवांना त्यांची स्वतःची खासगी ‘टीएमपी’ देते आणि एकाची फाइल दुसऱ्याला दिसत नाही. ‘/रन’मध्ये हाताने तयार केलेली डिरेक्टरी मशीन रीस्टार्ट होताच नाहीशी होते, ती सेवेच्या फाइलमध्ये ‘रनटाइमडिरेक्टरी’ लिहून सिस्टीमडीकडूनच तयार करून घ्यावी.

क्रमांक १३ म्हणजे परवानगी नाही, आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रकार हाच. लोक सॉकेटच्या फाइलची परवानगी पुन्हा पुन्हा तपासतात, पण तिथपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक डिरेक्टरीतून जाण्याचा अधिकारही एनजिनएक्सच्या वापरकर्त्याला लागतो, हे लक्षात येत नाही. उबुंटूमध्ये २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी इतरांसाठी बंद असते. त्यामुळे जुन्या व्हिडिओत होममध्ये ठेवलेले सॉकेट तिथे चालते आणि आपल्याकडे चालत नाही. रेड हॅटच्या घराण्यातील वितरण असेल तर परवानग्या बरोबर असूनही एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था जोडणी अडवते. टीसीपी पोर्टच्या बाबतीत ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ हा पर्याय ‘सेटएसईबूल’ने चालू करणे हा त्यावरचा इलाज आहे. एसईलिनक्स पूर्णपणे बंद करा, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो कृपया मानू नये, कारण एका खिडकीसाठी सगळी भिंत पाडण्यासारखे ते आहे.

प्रश्न : एकाच मशीनवर युनिक्स सॉकेट वापरावे की टीसीपी पोर्ट? — एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : दोन्ही प्रोग्रॅम एकाच मशीनवर असतील आणि तिथेच राहणार असतील तर युनिक्स सॉकेट. वेगातील फरक बहुतेक साइटना जाणवणारही नाही. खरा लाभ असा की सॉकेट ही फाइल असल्याने कोणी जोडायचे ते फाइलच्या परवानग्यांनी ठरवता येते आणि ती चुकूनही इंटरनेटवर उघडी पडत नाही. पोर्ट वापरायचाच असेल तर तो १२७.०.०.१ लाच बांधावा. फास्टसीजीआयमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही, त्यामुळे पीएचपी-एफपीएमचे ९००० पोर्ट बाहेरून पोहोचण्याजोगे राहिले तर कोणीही अनोळखी माणूस आपल्या सर्व्हरवर कोड चालवू शकतो. टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये अपाचीशी बोलण्यासाठी असलेल्या एजेपी या प्रोटोकॉलच्या ८००९ पोर्टमध्ये २०२० साली ‘घोस्टकॅट’ नावाने गाजलेला दोष सापडला, तो याच जातीचा : हे दार केवळ विश्वासातल्या शेजाऱ्यासाठी आहे असे गृहीत धरले होते, आणि ते मात्र मूळ मांडणीतच सर्व पत्त्यांवर उघडे होते. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ते मुळातच बंद ठेवलेले असते.

प्रश्न : आमच्या जँगो या पायथन फ्रेमवर्कमधील साइटला प्रमाणपत्र बसवल्यापासून तीन गोष्टी बिघडल्या आहेत. ब्राउझर ‘फार वेळा पुनर्निर्देशन झाले’ असे सांगतो. लॉगमध्ये प्रत्येक अभ्यागताचा पत्ता १२७.०.०.१ दिसतो, आणि पासवर्ड बदलण्यासाठी जाणाऱ्या ईमेलमध्ये आमच्या संकेतस्थळाऐवजी १२७.०.०.१:८००० असा दुवा जातो. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का? — एक वेब विकसक, पुणे

उत्तर : तिन्ही एकाच कारणाची फळे आहेत. ब्राउझरची जोडणी एनजिनएक्सपाशी संपते. तिथून पुढे एनजिनएक्स स्वतः नवी जोडणी करतो, आणि जँगोला दिसते ती ही दुसरी जोडणी : तिचा पाठवणारा १२७.०.०.१ आहे, ती साध्या एचटीटीपीवर आहे, आणि एनजिनएक्समध्ये वेगळे सांगितले नसेल तर तिच्यातील होस्ट हेडरमध्ये ‘प्रॉक्सी_पास’मध्ये (विनंती मागे कोणाकडे द्यायची ते सांगणाऱ्या ओळीत) लिहिलेलाच पत्ता जातो. जँगो सुरक्षित जोडणीचा आग्रह धरते, विनंती असुरक्षित दिसते म्हणून ब्राउझरला एचटीटीपीएसकडे पाठवते. ब्राउझर तिकडूनच आलेला असतो, आणि फेरा थांबत नाही.

इलाज म्हणजे पहिल्या जोडणीची माहिती हेडरमधून पुढे देणे. ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ वापरून होस्टसाठी मूळ होस्ट, ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’साठी मूळ स्कीम आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’साठी अभ्यागताचा पत्ता पाठवावा. या सर्वांसाठी ‘फॉरवर्डेड’ नावाचे एकच प्रमाणित हेडर २०१४ पासून उपलब्ध आहे, पण व्यवहारात अजूनही जुनीच नावे चालतात. जँगोला ही माहिती मानायला सांगण्यासाठी ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’ ही सेटिंग आहे; फ्लास्क वापरणाऱ्यांसाठी व्हर्कझॉइगमधील ‘प्रॉक्सीफिक्स’ तेच काम करते.

एका सापळ्याकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधतो. एनजिनएक्समध्ये वरच्या पातळीवर लिहिलेली हेडरची यादी ‘लोकेशन’ला (ठरावीक पत्त्यांसाठीच्या विभागाला) वारशाने मिळते, पण त्या लोकेशनमध्ये आपण एक जरी ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ स्वतंत्रपणे लिहिला, तर वरची संपूर्ण यादी तिथे लागू होणे थांबते. वेबसॉकेटसाठी एका लोकेशनमध्ये ‘अपग्रेड’चे हेडर घालायचे आणि त्याच क्षणी तिथला होस्ट नाहीसा व्हायचा, हे अनुभवी लोकांच्याही बाबतीत घडते. सर्व हेडर एका स्वतंत्र फाइलमध्ये लिहून प्रत्येक लोकेशनमध्ये ती ‘इन्क्लूड’ करणे मला सर्वांत खात्रीचे वाटते.

हे सगळे विश्वासावर चालते, याची जाणीव असू द्यावी. ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ कोणीही आपल्या विनंतीत स्वतः लिहून पाठवू शकतो. एनजिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत खरा पत्ता त्या यादीच्या शेवटी जोडला जातो, म्हणून यादी उजवीकडून वाचावी आणि आपल्या ताब्यातील जितके प्रॉक्सी असतील तितकेच पत्ते मानावेत. डावीकडचा पहिला पत्ता खरा धरून प्रवेशबंदी किंवा मतमोजणी केली, तर ती कोणालाही सहज चुकवता येईल. ॲप्लिकेशनचे पोर्ट बाहेरून थेट उघडे असेल तर प्रोटो हेडरवरचा विश्वासही व्यर्थ आहे.

प्रश्न : आमच्याकडे पर्लमध्ये लिहिलेल्या जुन्या सीजीआय स्क्रिप्ट आहेत. नव्या सर्व्हरवर एनजिनएक्स आहे आणि तो त्या चालवत नाही, मजकूर तसाच डाउनलोड होतो. — एका शिक्षणसंस्थेतील प्रणाली प्रशासक, इंदूर

उत्तर : एनजिनएक्स सीजीआय स्वतः चालवत नाही. ‘एफसीजीआयरॅप’ हा छोटा प्रोग्रॅम मध्ये ठेवावा. तो एनजिनएक्सकडून फास्टसीजीआय घेऊन आत जुन्या पद्धतीने स्क्रिप्ट सुरू करतो. तूर्त मजकूर डाउनलोड होतो आहे तो मार्ग आजच बंद करा, कारण स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला असू शकतो. तसा तो असेल तर तो बदलूनही टाका. शिवाय ‘प्रॉक्सी’ नावाचे हेडर पुढे जाऊ देऊ नका : सीजीआयच्या नियमाप्रमाणे त्याचे ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ हे व्हेरिएबल बनते, आणि अनेक लायब्ररी त्याच नावाने बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा प्रॉक्सी शोधतात. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने हा दोष जगभर चर्चेत आला होता. स्क्रिप्ट थोड्या असतील तर त्या नव्याने लिहिणेच बरे. पर्लने सीजीआयचे मॉड्यूल २०१५ मधील ५.२२ या आवृत्तीत आपल्या मूळ संचातून काढले आणि पायथननेही २०२४ मधील ३.१३ मध्ये तेच केले.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ॲप्लिकेशनमध्ये वार्षिक अहवाल तयार व्हायला पाऊण मिनिट लागते. तो बरोबर अर्ध्या मिनिटाला ५०२ दाखवून तुटतो. एनजिनएक्सचा टाइमआउट तर ६० सेकंदांचा आहे, आणि वेळ संपली तर ५०४ यायला हवे. शिवाय तेवढ्या वेळात बाकीच्या खिडक्यांवरचे कामही थांबते. — पतसंस्थेचे संगणक अधिकारी, कोल्हापूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि उत्तर त्यातच आहे. एनजिनएक्सची वाट पाहण्याची मर्यादा ६० सेकंद, पण गनिकॉर्नची मूळ मर्यादा ३० सेकंद. तिसाव्या सेकंदाला गनिकॉर्नचा मुख्य प्रोसेस अडकलेल्या वर्करला संपवतो. एनजिनएक्सच्या बाजूने पाहता वेळ संपलेलीच नसते; उत्तर येण्याआधी समोरच्याने जोडणी तोडलेली असते, म्हणून ५०४ ऐवजी ५०२. गनिकॉर्नच्या लॉगमध्ये त्याच क्षणाची ‘वर्कर टाइमआउट’ अशी नोंद सापडेल.

बाकीचे काम थांबते, कारण वर्करची संख्या वेगळी सांगितली नसेल तर गनिकॉर्न एकच वर्कर सुरू करतो. प्रोसेसरच्या कोअरच्या दुप्पट अधिक एक, ही गनिकॉर्नच्या दस्तऐवजांतील शिफारस सुरुवातीसाठी चांगली आहे. मात्र संख्या वाढवताना डेटाबेसकडेही पाहावे : पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची आणि मायएसक्यूएलची १५१ ची आहे, आणि प्रत्येक वर्कर आपापली जोडणी धरून बसतो. पीएचपी-एफपीएममध्ये ‘पीएम.मॅक्स_चिल्ड्रन’ या आकड्यालाही हाच हिशेब लागू होतो.

दोन्ही टाइमआउट १२० सेकंदांचे करून आजची अडचण भागेल, पण मी तसे करण्याचा आग्रह धरणार नाही. मार्चअखेरीस पाच शाखांनी एकाच वेळी अहवाल मागवला की पाच वर्कर दीड-दोन मिनिटे अडकतील, आणि पान हलत नाही म्हणून कर्मचारी पुन्हा बटण दाबतील; त्यातून तोच अहवाल दुसऱ्यांदा सुरू होईल, कारण ब्राउझरने पाठ फिरवली तरी मागचे काम आपोआप थांबत नाही. अहवालाची मागणी रांगेत टाकावी, ‘अहवाल तयार होत आहे’ असे उत्तर लगेच द्यावे, सेलरीसारख्या वेगळ्या प्रोसेसने तो तयार करावा आणि पान काही सेकंदांनी पुन्हा चौकशी करत राहावे. तयार झालेली फाइल देण्याचे कामही पायथनवर टाकू नये. ॲप्लिकेशनने फक्त अधिकार तपासून ‘एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट’ हे हेडर परत करावे, म्हणजे एनजिनएक्स ती फाइल स्वतः पोहोचवतो.

प्रश्न : आम्ही बातम्यांच्या पानांचे पत्ते मराठीत, देवनागरी अक्षरांत ठेवले आहेत. काही पाने उघडतात, काहींवर ४०४ येते, आणि लॉगमध्ये मराठीऐवजी विचित्र चिन्हे दिसतात. देवनागरी पत्ते ठेवूच नयेत का? — एका स्थानिक वृत्तसंकेतस्थळाचे संपादक, नाशिक

उत्तर : अवश्य ठेवावेत. आपल्या वाचकाला दुव्यातच बातमीचा विषय आपल्या लिपीत वाचता यावा, ही इच्छा रास्त आहे आणि ती पुरी होण्यात तांत्रिक अडसर नाही. फक्त अक्षरे सांध्यावरून पलीकडे कशी जातात, ते नीट पाहायला हवे.

ब्राउझर देवनागरी पत्ता जसाच्या तसा पाठवत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ खुणा. काना, मात्रा आणि हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे असतात, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ या शब्दाची दहा चिन्हे आणि नव्वद खुणा होतात. गनिकॉर्न विनंतीची पहिली ओळ मुळात ४०९४ बाइट्सपर्यंतच स्वीकारतो. म्हणून शोधपेटीत कोणी लांबलचक मराठी उतारा चिकटवला तर साधारण साडेचारशे चिन्हांनंतर विनंती नाकारली जाते. अशा शोधासाठी पोस्ट पद्धत वापरावी.

डब्ल्यूएसजीआयच्या सांध्यावर टक्केचिन्हे उलगडली जातात, पण मिळालेले बाइट्स लॅटिन-१ (एका बाइटला एक अक्षर मानणारा रोमन संकेत) समजून वाचलेल्या अक्षरांच्या रूपात ॲप्लिकेशनला द्यावेत, असे पेप ३३३३ सांगतो. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि तो लॅटिन-१ मध्ये माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसतो. दुसरा बाइट चलनाचे सर्वसाधारण चिन्ह किंवा येनचे चिन्ह होतो. आपल्या लॉगमधील विचित्र चिन्हे याच जोड्यांनी भरलेली असतील तर माहिती नष्ट झालेली नाही, ती फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली गेली आहे. जँगो आणि फ्लास्क ती पुन्हा यूटीएफ-८ मध्ये वाचून घेतात. स्वतः लिहिलेल्या मिडलवेअरमध्ये ‘पाथ_इन्फो’ थेट वापरले असेल तर तिथे ती दुरुस्ती आपल्याला करावी लागेल.

एनजिनएक्सच्या बाजूला ‘प्रॉक्सी_पास’ची ओळ तपासावी. पोर्टपाशीच ती संपत असेल तर पत्ता ब्राउझरने पाठवला तसाच मागे जातो, आणि हेच सर्वांत सुरक्षित. तिथे ‘यूआरआय’ हे व्हेरिएबल जोडले असेल तर उलगडलेला पत्ता पुन्हा न गुंडाळताच पुढे जातो. देवनागरीचे कच्चे बाइट्स आणि मधल्या मोकळ्या जागा तशाच पोहोचून विनंती मोडते. ते व्हेरिएबल काढून टाकावे.

एवढे करूनही मोजकीच पाने ४०४ देत असतील तर त्या पत्त्यांत ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘वाऱ्याचा’ असे शब्द आहेत का ते पाहा. हा अर्धा ‘र’ संगणकावर तीन प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ या एकाच चिन्हापुढे हलन्त, ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांपुढे हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, पण बाइट्स वेगळे असल्याने सर्व्हरच्या लेखी ते तीन निराळे पत्ते असतात. एका वार्ताहराच्या कीबोर्डने बातमी एका प्रकारे साठवली आणि वाचकाने पत्ता दुसऱ्या प्रकारे टाइप केला की पान सापडत नाही. पायथनमधील ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलचे एनएफसी रूपांतर पहिल्या दोन प्रकारांना एक करते. अदृश्य जोडचिन्हाचा तिसरा प्रकार त्याच्या कक्षेत येत नाही, तो आपल्याला स्वतंत्रपणे ‘ऱ’मध्ये बदलून घ्यावा लागतो. हे काम दोन ठिकाणी व्हायला हवे : बातमी साठवताना आणि आलेला पत्ता डेटाबेसमध्ये शोधण्यापूर्वी. आधीच प्रसिद्ध झालेल्या बातम्यांचे साठवलेले पत्ते एकदा याच रूपात आणून घ्यावेत, आणि जुन्या रूपातील पत्ता आला तर ३०१ ने नव्या रूपाकडे पाठवावे, म्हणजे वाचकांनी आधी पाठवलेले दुवेही चालत राहतील.